शेजार विकताना कोणाला विचारलं?

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. अमेरिकेच्या पश्चिम भागातली, ‘पॅक-१२’ या कॉन्फरन्समधली (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाला इथे कॉन्फरन्स म्हणतात) नऊ विद्यापीठं त्या सकाळी सामन्यांच्या, मुख्यतः अमेरिकन फुटबॉलच्या, प्रक्षेपणाच्या नव्या करारावर शिक्कामोर्तब करतील, अशी अपेक्षा होती. दिवस मावळेपर्यंत त्यांतली पाच निघून गेली. सिएटलचं वॉशिंग्टन आणि युजीनचं ऑरेगन ‘बिग टेन’ कॉन्फरन्समध्ये गेली. अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि यूटा ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये. लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी ३० जून २०२२ लाच निरोप घेतला होता, कोलोराडोने जेमतेम आठवडाभर आधी. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे कॅल, यांनी थेट अटलांटिक किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्सचा रस्ता धरला. ‘पॅक-१२’मध्ये दोनच विद्यापीठं उरली: कॉर्व्हॅलिसचं ऑरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट.

या बारापैकी दहा विद्यापीठं सरकारी आहेत. राज्यांच्या विधिमंडळांनी स्थापलेली, करदात्यांच्या पैशांवर उभी राहिलेली, त्या त्या राज्यातल्या मुलांना शिकवण्यासाठी असलेली. शंभर वर्षांचा शेजार मोडण्याचा अधिकार त्यांच्या प्रमुखांना कोणी दिला, हा माझा प्रश्न आहे. खेळाच्या पानावर या बातमीची मांडणी ‘कोण जिंकलं, कोण हरलं, कोणाला किती पैसे मिळाले’ एवढ्यावरच आटोपली. मला ती सार्वजनिक मालमत्तेची गोष्ट वाटते, आणि तिचा हिशेब अजून मागितला गेलेला नाही.

मी ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळ हिल्सबरोला राहते. इथे चिप बनवणाऱ्या कारखान्यांमुळे मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांना कॉलेज फुटबॉलचं हे वेड कळत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. कॉलेजच्या पोरांचा सामना पाहायला साठ-सत्तर हजार माणसं कशाला जमतात? आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्यांना मैदानावर खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार प्राध्यापक असतात. उत्तर इथल्या इतिहासात आहे. सिएटलला व्यावसायिक फुटबॉल संघ मिळाला १९७६ साली. पोर्टलंडला आणि सॉल्ट लेक सिटीला तो आजही नाही. त्याआधीची कित्येक दशकं या भागातल्या माणसाला ‘आपला संघ’ म्हणायला विद्यापीठाचाच संघ होता. शेतकरी, लाकूडतोडे, मच्छीमार, ज्यांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही त्यांनीही आपल्या राज्याच्या विद्यापीठाचा रंग अंगावर घातला. पहिला ऑरेगन विरुद्ध ऑरेगन स्टेट सामना १८९४ साली झाला, वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट १९०० साली. ही घराणी व्यावसायिक लीगपेक्षाही जुनी आहेत.

आणि कॉन्फरन्स म्हणजे या संघांची शेजारओळ. डिसेंबर १९१५ मध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठं एकत्र आली: कॅल, वॉशिंग्टन, ऑरेगन आणि आज ऑरेगन स्टेट म्हणून ओळखलं जाणारं कृषी महाविद्यालय. पुढे वॉशिंग्टन स्टेट आलं, स्टॅनफर्ड आलं, १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं आली. १९५९ साली खेळाडूंना चोरून पैसे देण्याच्या प्रकरणांनंतर ती संघटना मोडली. पण पाच विद्यापीठांनी लगेच नवी काढली आणि काही वर्षांत वायव्येकडचे जुने शेजारी परत तिच्यात आले. १९७८ मध्ये अ‍ॅरिझोनाची जोडी, २०११ मध्ये यूटा आणि कोलोराडो. नाव बदलत गेलं, आकडा वाढत गेला, पण नकाशावर बोट ठेवलं तर एक सलग प्रदेश दिसायचा, पॅसिफिकपासून रॉकी पर्वतापर्यंत.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण द्यायचं तर रणजी करंडकाचे जुने विभाग आठवा. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र हे पश्चिम विभागातले संघ वर्षानुवर्षं एकमेकांशी भिडत. मुंबईला हरवणं म्हणजे काय, हे बडोद्याच्या माणसाला कोणी समजावून सांगावं लागत नसे. ती रचना २००२-०३ मध्ये गेली. ती जावी की नाही यावर क्रिकेट मंडळात मतं वेगळी असतील, पण एक फरक मोठा आहे: ती रचना खेळाचा दर्जा वाढावा म्हणून बदलली, आणि देशभरची एकच संघटना तो निर्णय घेत होती. इथे प्रत्येक विद्यापीठाने आपापल्यापुरतं पाहिलं.

आता हंगामाविषयी, कारण नेमकं काय गेलं ते हंगाम पाहिल्याशिवाय कळत नाही.

कॉलेज फुटबॉलचा नियमित हंगाम बारा सामन्यांचा. ऑगस्टच्या अखेरीस सुरू, नोव्हेंबरच्या अखेरीस संपतो. पॅक-१२ मध्ये त्यांतले नऊ सामने आपसातले असत. सप्टेंबरात अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात रात्री उशिरा खेळ सुरू व्हायचा, कारण दिवसा उभं राहवत नाही. त्याच महिन्यात आमच्याकडे जंगलातल्या वणव्यांचा धूर कधी कधी स्टेडियमपर्यंत यायचा. ऑक्टोबरात ऑरेगनचा पाऊस. सिएटलला लेक वॉशिंग्टनच्या काठावरच्या स्टेडियमकडे लोक बोटीने येतात आणि बोटी नांगरून तिथेच जेवणं उरकतात. बर्कलीचं स्टेडियम भूकंपाच्या भ्रंशरेषेवर उभं आहे, आणि त्याच्यामागच्या टेकडीवर बसून फुकट सामना पाहण्याची परंपरा आहे. कोलोराडोच्या बोल्डरला सव्वापाच हजार फुटांहून जास्त उंचीवर पाहुण्या संघाला धाप लागते आणि सामन्याआधी खरोखरचा गवा मैदानात धावत सोडतात. नोव्हेंबरात पुलमनला थंडी हाडापर्यंत जाते. भोवती गव्हाच्या टेकड्या आणि जवळचं मोठं शहर तासा-दीड तासावर. त्या आठवड्यात आपला संघ कुठे जातोय, त्या गावात हवा कशी असेल, मागच्या खेपेला तिथे काय झालं होतं, हे सगळं माहीत असे. शेवटच्या आठवड्यात, थँक्सगिव्हिंगच्या आसपास, सख्ख्या शेजाऱ्याशी गाठ. सगळा हंगाम त्या एका सामन्याकडे सरकत जायचा.

किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना न्यूयॉर्कमध्ये रात्री साडेदहाला दिसतो. पूर्वेकडची माणसं तोवर झोपायला लागलेली असत, म्हणून या रात्रीच्या सामन्यांना स्वतःचं एक नाव पडलं होतं, ‘पॅक-१२ आफ्टर डार्क’. पुण्यात तेव्हा रविवारचे सकाळचे आठ वाजलेले असतात. माझ्या भावाला हा खेळ याच कारणाने लागला. चहाच्या वेळेला त्याचा फोन येई आणि चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, पंट करायला (लाथ मारून चेंडू दूर धाडायला) हवं होतं का, यावर तो मला सुनवायचा.

आकड्यांतही एक न्याय होता. २००६ ते २०१० या काळात कॉन्फरन्समध्ये दहा संघ होते आणि आपसातले सामने नऊ. म्हणजे प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळायचा. गुणतक्त्यात जो वर तो वर. वादाला जागाच नाही. आज बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत आणि कॉन्फरन्समधले सामने तेच नऊ. म्हणजे एका हंगामात सतरापैकी आठ प्रतिस्पर्ध्यांशी तुमची गाठच पडत नाही. कोणाच्या वाट्याला सोपे संघ आले, कोणाच्या वाट्याला अवघड, यावर क्रम ठरतो. चाहता म्हणून मला सर्वांत जास्त खुपतं ते हे. हंगामभर एखादी कॉन्फरन्स पाहणं म्हणजे सगळ्यांचे सगळ्यांशी असलेले संबंध पाहणं. आपला सामना नसला तरी शेजारच्या दोघांचा सामना आपल्या कामाचा असतो, कारण त्या दोघांशीही आपली गाठ आहे. अठरा संघांच्या गर्दीत ती गुंफण उसवते. मग उरतं फक्त आपल्या संघाचं जिंकणं-हरणं.

हे सगळं कसं घडलं, ते सांगताना दूरचित्रवाणी कंपन्यांना शिव्या देणं सोपं आहे. मूळ त्याहून जुनं आहे. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचं प्रक्षेपण एनसीएए ही राष्ट्रीय संघटना ठरवायची: कोणाचे किती सामने दिसतील, कोणाला किती पैसे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल दिला की हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. विरोधी मत लिहिलं न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी. हे व्हाइट १९३७ साली कोलोराडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. विद्यापीठांच्या खेळाकडे निव्वळ व्यापार म्हणून पाहणं चूक आहे, हा त्यांच्या मताचा गाभा. न्यायालयातला मैदान पाहिलेला माणूस काय होणार ते ओळखून होता, असं मला दर वेळी ते मत वाचताना वाटतं.

व्यावसायिक लीगना १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने सवलत आहे. सगळ्या संघांचे हक्क एकत्र करून विकता येतात, म्हणून विस्कॉन्सिनमधल्या छोट्या ग्रीन बे गावचा संघ न्यूयॉर्कच्या संघाइतकाच राष्ट्रीय वाटा घेतो. त्याच कायद्यात हंगामातल्या शुक्रवार-शनिवारच्या दिवशी शाळा-कॉलेजांच्या सामन्यांना व्यावसायिक फुटबॉलच्या प्रक्षेपणापासून संरक्षण आहे. पण कॉलेजांनी स्वतः एकत्र येऊन हक्क विकण्याची सवलत त्यात नाही. परिणाम उघड आहे. १९८४ नंतर पैसा कॉन्फरन्सनिहाय आला, आणि जिथे पैसा जास्त तिकडे सरकणं हा शहाणपणा ठरला. ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेनने तीन वाहिन्यांशी सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला, त्यात लॉस एंजेलिसची बाजारपेठ धरलेली होती. त्या आकड्यासमोर आमचा शेजार उभा राहू शकला नाही.

पॅक-१२ ची स्वतःची चूक नव्हती का? होती, आणि मोठी होती. २०१२ साली कॉन्फरन्सने स्वतःची वाहिनी काढली आणि तिची मालकी पूर्णपणे स्वतःकडे ठेवली. एका मोठ्या उपग्रह वितरकाशी शेवटपर्यंत जमलं नाही, त्यामुळे देशभर असंख्य घरांत ती दिसलीच नाही. यूएससी आणि यूसीएलए गेल्यावर नव्या करारासाठी वर्षभर घोळ घातला गेला आणि शेवटी हाती आला तो मुख्यतः अ‍ॅपलच्या स्ट्रीमिंगवर अवलंबून असलेला, वर्गणीदारांच्या संख्येवर कमी-जास्त होणारा प्रस्ताव. तो पाहून कोणीही बिचकलं असतं. व्यवस्थापन वाईट होतं म्हणून व्यवस्थापक बदला, हे मला मान्य आहे. पण शाळेचा मुख्याध्यापक नाकर्ता निघाला म्हणून गावाने शाळेची जमीन विकायची नसते.

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. निर्णय कोणी घेतला ते पाहा.

कॅलिफोर्नियात यूसीएलए आणि कॅल ही एकाच सरकारी विद्यापीठाची दोन आवारं आहेत, दोघांवर एकच नियामक मंडळ, रीजंट्सचं. यूसीएलएच्या क्रीडा विभागाची तूट तीन वर्षांत दहा कोटी डॉलरच्या वर गेली होती. आवाराच्या प्रमुखांकडे असे करार करण्याचे अधिकार आधीच सोपवलेले होते, त्यामुळे ते बिग टेनमध्ये गेले. बातमी आली तेव्हा गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी जाहीर जाब मागितला. रीजंट्सनी उघड सुनावण्या घेतल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली ती अटींसह: खेळाडूंच्या प्रवासासाठी, आहारासाठी, अभ्यासासाठी जादा खर्च करा आणि कॅलचं जे नुकसान होईल त्याची भरपाई द्या. २०२४ मध्ये ती रक्कम वर्षाला एक कोटी डॉलर ठरली. शेजार वाचला नाही. पण एका सरकारी आवाराच्या फायद्याने दुसऱ्या सरकारी आवाराचं नुकसान होतं, हे निदान कोणीतरी अधिकृतपणे कबूल केलं आणि त्याची किंमत लावली.

ऑरेगनात तेवढंही झालं नाही. इथे पूर्वी सगळ्या सरकारी विद्यापीठांवर एकच राज्य उच्चशिक्षण मंडळ होतं. २०१३ च्या कायद्याने मोठ्या विद्यापीठांना स्वतंत्र विश्वस्त मंडळं मिळाली आणि २०१५ पर्यंत ते जुनं मंडळ बरखास्त झालं. म्हणून २०२३ च्या ऑगस्टमध्ये युजीनचं ऑरेगन विद्यापीठ निघालं तेव्हा, चाळीसेक मैलांवरच्या कॉर्व्हॅलिसचं काय होणार, हा प्रश्न विचारणं ज्याचं कर्तव्य आहे असं कोणीच उरलं नव्हतं. वॉशिंग्टन राज्यातही दोन विद्यापीठांची दोन वेगळी मंडळं. प्रत्येक मंडळाने आपापल्या संस्थेचं हित पाहिलं. त्यांचं कामच ते. राज्याचं हित मात्र कोणाच्या टेबलावर नव्हतं. दोन्ही राज्यांत एकच करदाता दोन्ही विद्यापीठांना पैसे देतो. हिल्सबरोत एकाच घरातली थोरली मुलगी युजीनला आणि धाकटा मुलगा कॉर्व्हॅलिसला, अशी मराठी कुटुंबं मला माहीत आहेत. त्या आईवडिलांनी एका मुलाच्या विद्यापीठाला दुसऱ्याचं नुकसान करायला कधी संमती दिली?

नुकसान काय झालं, तेही बघा. २०२३ चा तो शेवटचा हंगाम पॅक-१२ च्या सर्वोत्तम हंगामांपैकी एक ठरला. वॉशिंग्टनने ऑरेगनला दोनदा, दोन्ही वेळा तीन-तीन गुणांनी हरवलं: ऑक्टोबरात सिएटलला ३६-३३, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात लास व्हेगासला ३४-३१. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणाऱ्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात वॉशिंग्टनचा मायकल पेनिक्स दुसरा आणि ऑरेगनचा बो निक्स तिसरा आला. वॉशिंग्टन थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेलं. दर्जा नव्हता म्हणून कॉन्फरन्स मोडली, असं कोणी म्हणूच शकत नाही. त्याच नोव्हेंबरात ऑरेगन स्टेटचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथ, जे याच विद्यापीठाचे एकेकाळचे क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू), ते मिशिगन स्टेटला गेले. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा सर्वांत आधी निवडला गेला. त्या दोघांना मी दोष देत नाही. संस्थेच्या पायाखालची फळी काढली गेली की माणसं निघतातच.

उरलेल्या दोघांना न्यायालयात जावं लागलं, कारण निघालेली दहा विद्यापीठं कॉन्फरन्सच्या मंडळावर मताचा हक्क सांगत होती. पुलमन ज्या परगण्यात आहे त्या व्हिटमन काउंटीच्या न्यायालयाने ताबा या दोघांना दिला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हात घातला नाही, आणि तडजोडीत जाणाऱ्यांनी साडेसहा कोटी डॉलर मागे सोडले.

पुलमनची लोकवस्ती बत्तीस हजारांच्या आसपास. विद्यापीठाच्या दुग्धशाळेत डब्यातलं चीज बनतं आणि देशभर जातं. ईएसपीएनचा ‘कॉलेज गेमडे’ हा शनिवारचा कार्यक्रम दर आठवड्याला वेगळ्या गावातून होतो. २००३ पासून त्या प्रत्येक ठिकाणी वॉशिंग्टन स्टेटचा झेंडा फडकतो, मग तिथे त्यांचा सामना असो वा नसो. चाहते तो झेंडा एकमेकांना पार्सलने पाठवतात, कोणीतरी पहाटे उठून काठीला लावतो. वीस वर्षांहून जास्त काळ एकही आठवडा चुकलेला नाही. या चाहत्यांची किंमत ठरवताना प्रक्षेपण कंपनीने पुलमनच्या आसपासचे दूरचित्रवाणी संच मोजले. झेंडा मोजला नाही.

आता सख्ख्या शेजाऱ्यांचे सामने. १४ सप्टेंबर २०२४ ला दोन्ही राज्यांतले पारंपरिक सामने एकाच दिवशी झाले, हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात, कॉन्फरन्सबाहेरचे सामने म्हणून. वॉशिंग्टन स्टेटने वॉशिंग्टनला २४-१९ असं हरवलं, हे ऐकून मला अतिशय आनंद झाला. पण तो सामना उन्हात झाला, हंगामाची अजून ओळखही नव्हती तेव्हा. नोव्हेंबरातल्या त्या सामन्यामागे अख्खा हंगाम उभा असे. सप्टेंबरातल्या सामन्यामागे काहीच नसतं.

माझ्या बाजूच्या लोकांविषयीही खरं बोललं पाहिजे. पॅक-१२ ची नवी उभारणी २०२६ पासून आहे. त्यासाठी बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि यूटा स्टेट या पाच जणांना माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून आणलं. ज्या कॉन्फरन्सने २०२४ मध्ये या दोघांना खेळायला सामने दिले, तिचेच संघ नेले आणि वर भरपाईच्या रकमेवरून तिच्यावर दावाही लावला. पुढे टेक्सास स्टेटही घेतलं, म्हणजे नकाशा पुन्हा ताणला. जगायचं तर दुसरा मार्ग नव्हता, असं म्हणतात. तेच यूसीएलएनेही म्हटलं होतं. एकदा ही साखळी सुरू झाली की प्रत्येक जण वरच्याकडून खाल्लेला मार खालच्याला देतो. म्हणूनच हा प्रश्न कुठल्याही एका विद्यापीठाच्या सद्‌बुद्धीवर सोडता येत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप खेळाडूंविषयीचा आहे. ज्या जुन्या काळासाठी आम्ही हळहळतो, त्या काळात मुलं फुकट खेळत होती आणि प्रशिक्षक लाखो डॉलर घेत होते. हे खरं आहे, आणि त्या अन्यायाचं समर्थन मी करणार नाही. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते. ६ जून २०२५ ला न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना देऊ शकतात. उत्तम झालं, कितीतरी आधी व्हायला हवं होतं. मग पैसा लागणारच, आणि पैसा बिग टेनमध्ये आहे, असा पुढचा तर्क. तो मला पटत नाही. यूसीएलएचा निर्णय जून २०२२ चा, तेव्हा खेळाडूंना वाटा द्यायचं ठरलंच नव्हतं. शिवाय पैसा मिळवण्यासाठी ऑरेगन आणि वॉशिंग्टन कमी वाट्यावर गेली, आणि कॅल-स्टॅनफर्डनी तर पहिली सात वर्षं साधारण तीस टक्के वाट्यावर अटलांटिकची कॉन्फरन्स पत्करली.

आणि ज्या खेळाडूंच्या नावाने हा तर्क होतो, त्यांतल्या बहुतेकांना या पैशातलं फारसं काही मिळत नाही. सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, पोहणं, टेनिस. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदा, शनिवारी खेळतो आणि खास विमानाने जातो. व्हॉलीबॉलच्या मुली आठवड्याला दोन सामने खेळतात. पूर्वी लॉस एंजेलिसला एक फेरी केली की दोन्ही संघांशी सामने उरकत, कारण वेळापत्रक जोड्यांनी बांधलेलं होतं: सिएटल-पुलमन, युजीन-कॉर्व्हॅलिस, बर्कली-पालो अल्टो. आता यूसीएलएच्या मुलींना न्यू जर्सीला जावं लागतं, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तीन तासांच्या वेळेच्या फरकासकट, आणि सोमवारी परीक्षा. पॅक-१२ ला ‘विजेत्यांची कॉन्फरन्स’ म्हणत, ते पाचशेहून जास्त राष्ट्रीय सांघिक विजेतेपदांमुळे, आणि ती अशाच फुटबॉलबाहेरच्या खेळांतली. फुटबॉलच्या करारासाठी या मुलामुलींचे वर्ग बुडतात, याला शैक्षणिक संस्थेचा निर्णय म्हणता येणार नाही.

एक प्रामाणिक नोंद: नव्या व्यवस्थेने मला काही थरारक शनिवार दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये युजीनला ऑरेगनने ओहायो स्टेटला ३२-३१ असं हरवलं, तो सामना मी श्वास रोखून पाहिला. पण असा सामना दोन विद्यापीठं आपसात ठरवूनही खेळू शकतात, पूर्वी खेळतही होती. त्यासाठी अख्खं घर हलवायची गरज नव्हती.

काय करता येईल? पहिली गोष्ट, फुटबॉल वेगळा काढा. हे स्वप्नरंजन नाही. नोत्र दाम फुटबॉलमध्ये स्वतंत्र आहे आणि इतर बहुतेक खेळ अटलांटिक कॉन्फरन्समध्ये खेळतं. हवाई विद्यापीठ २०१२ पासून २०२५-२६ च्या हंगामापर्यंत फुटबॉल एका कॉन्फरन्समध्ये आणि बाकीचे बहुतेक खेळ दुसरीत खेळलं. जे त्यांना जमलं ते यूसीएलएला आणि वॉशिंग्टनला का जमू नये? व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस उद्या पश्चिम किनाऱ्यावर परत आणता येतील. दुसरी गोष्ट, १९६१ च्या कायद्याची सवलत कॉलेजांना द्या, म्हणजे हक्क एकत्र विकता येतील आणि पैशासाठी घर सोडावं लागणार नाही. वॉशिंग्टनच्या सिनेटर मारिया कँटवेल यांनी २०२५ मध्ये मांडलेल्या विधेयकात ही तरतूद आहे. तिसरी गोष्ट राज्यांच्या हातातली आहे आणि माझ्या मते सर्वांत तातडीची: सरकारी विद्यापीठाने कॉन्फरन्स बदलण्याआधी जाहीर सुनावणी घेतली पाहिजे, आणि त्याच राज्यातल्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाचं नुकसान होत असेल तर त्याची भरपाई कायद्याने बंधनकारक असली पाहिजे. कॅलिफोर्नियाने ते नंतर, नाइलाजाने केलं. ऑरेगन आणि वॉशिंग्टनने आधी, कायदा करून करावं.

बिग टेनचा करार २०२९-३० च्या हंगामाबरोबर संपतो, बिग ट्वेल्व्हचा त्याच्या पुढच्या वर्षी. बोलणी त्याच्या बरीच आधी सुरू होतील आणि पुन्हा बंद दाराआड होतील. सरकारी विद्यापीठांच्या मंडळांच्या बैठका मात्र उघड असतात आणि त्यांत नागरिकांना बोलायला वेळ राखलेला असतो. नाव नोंदवावं लागतं, मोजकी मिनिटं मिळतात. बे एरियात, सिएटलला, हिल्सबरोत राहणारे, इथे कर भरणारे, मुलांची फी भरणारे मराठी लोक तिथे क्वचितच दिसतात. फुटबॉलची आवड नसली तरी चालेल. पुढच्या करारात आमच्या विद्यापीठाच्या वतीने कोण बोलतंय, शेजारच्या विद्यापीठाचा विचार कोण करतंय आणि व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी सोमवारी वर्गात असेल का, हे तीन प्रश्न त्या मोजक्या मिनिटांत विचारता येतात, आणि ते इतिवृत्तात नोंदले जातात.